जादा हवेचा हिशेब

मोटारीचे इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. वजनाच्या हिशेबाने पाहिले तर ते मुख्यतः हवेवर चालते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल द्रव आहे. त्याचा पुरवठा वाढवायचा तर भोक थोडे मोठे केले की भागते. हवेचे तसे नाही. दट्ट्या खाली जातो, सिलिंडरात पोकळी होते आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब जेवढी हवा आत ढकलेल तेवढीच आत जाते. इंजिन हवा ओढते असे आपण म्हणतो खरे, पण ढकलणारे असते ते वातावरण.

एक उदाहरण घेऊ. माझदा या जपानी कंपनीने फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ नावाची दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार मांडली. अमेरिकेत ती मियाटा या नावाने खपली. तिचे इंजिन १.६ लिटरचे, शक्ती ११६ अश्वशक्ती. हे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर फोर-स्ट्रोक असल्यामुळे दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाइतकी हवा आत घेते. म्हणजे मिनिटाला ४८०० लिटर, सेकंदाला ८० लिटर. लिटरभर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम धरले तर सेकंदाला ९६ ग्रॅम हवा आणि तिच्या जोडीला साडेसहा ग्रॅम पेट्रोल. यापेक्षा जास्त शक्ती हवी असेल तर रस्ते मोजकेच: इंजिन मोठे करा, ते अधिक वेगाने फिरवा, किंवा हवा पंपाने आत कोंबा. इंजिनाच्याच शक्तीवर फिरणाऱ्या अशा पंपाला सुपरचार्जर म्हणतात. गाडीतून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर तो फिरवला तर त्याला टर्बोचार्जर म्हणतात. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी त्याचे पेटंट १९०५ साली घेतले. त्याचा इतिहास वेगळा आणि मोठा आहे. इथे आपण पट्ट्यावर किंवा दातेरी चक्रांवर फिरणाऱ्या पंपापुरतेच बोलू, आणि त्यातही एका खास प्रश्नावर: कारखान्यातून पंपाविना आलेल्या, रोज कामावर नेण्याच्या गाडीला मालकाने नंतर असा पंप बसवला तर काय होते?

हा उद्योग अमेरिकेत १९३०च्या दशकापासून चालू आहे. त्यात एक गोष्ट आम्हाला कुतूहलाची वाटते. अशा जोडसंचांतून मिळणारा जादा दाब इतक्या वर्षांत फारसा वाढलेलाच नाही. १९५०च्या दशकातल्या संचांचा आकडा पाच-सहा पौंडांच्या आसपास होता आणि १९९०च्या दशकात एमएक्स-५साठी निघालेल्या संचांचाही तोच. पौंड म्हणजे टायरमध्ये हवा भरताना आपण जे पौंड म्हणतो तेच, एका चौरस इंचावरचे. वातावरणाचा दाब या मापात १४.७ पौंड असतो. दरम्यानच्या काळात धातू सुधारले, पंप सुधारले, गाडीत संगणक आला. मग आकडा तिथेच का अडला?

पंपाचा शोध मोटारीसाठी लागलेलाच नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल या गावी फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांची लोकरीची गिरणी होती. गिरणीच्या पाणचक्कीऐवजी काही चांगले यंत्र करावे या खटाटोपात त्यांनी एका पेटीत इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दोन लाकडी फिरते भाग शेजारी शेजारी बसवले. पाण्यासाठी ते यंत्र कामाचे ठरले नाही. पण कोरडे फिरवून पाहताना त्यातून हवेचा असा झोत आला की जवळ उभ्या असलेल्या एका माणसाची टोपी उडाली, अशी कथा सांगतात. टोपीचे खरेखोटे बाजूला ठेवू. १८६० साली भावांनी पेटंट घेतले हे नक्की. पुढे हा पंप ओतशाळांच्या भट्ट्यांना हवा देऊ लागला, खाणींत वारा खेळवू लागला. १८७० साली न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड बीच यांनी जमिनीखाली हवेच्या दाबाने डबा ढकलणारी छोटी रेल्वे करून दाखवली, तीही रूट्स पंपावरच.

या पंपाची एक खोड पुढे महत्त्वाची ठरते. तो हवा दाबत नाही, नुसती इकडून तिकडे नेतो. पंपाच्या पोटातली हवा बाहेरच्या दारापर्यंत साध्या दाबानेच येते. दार उघडताच पुढची जास्त दाबाची हवा उलटी आत घुसते आणि मग तिच्यावर दाब पडतो. या उलटसुलट धडपडीत काम वाया जाते आणि वाया गेलेले काम उष्णता होऊन हवेतच राहते.

इंजिनात जादा हवा घालावी ही कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. गॉटलीब डाइमलर यांनी १८८५ मध्येच, दट्ट्याची खालची बाजू पंपासारखी वापरून सिलिंडरात अधिक मिश्रण ढकलण्याचे पेटंट घेतले होते. प्रत्यक्ष रस्त्यावर ती उतरायला वीसेक वर्षे लागली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील ली चॅडविक यांच्या सहा सिलिंडरांच्या गाडीला कातडी पट्ट्याने फिरणारा, पंख्यासारखा केंद्रोत्सारी पंप बसवला गेला आणि १९०८ साली ती ‘जायंट्स डिस्पेअर’ नावाच्या चढाच्या शर्यतीत जिंकली. पहिल्या महायुद्धात विमानांमुळे या विषयाला जोर आला. उंचावर हवा विरळ होते आणि तिथे पंप चैन न राहता गरज ठरतो. युद्धानंतर विमानाची इंजिने करण्यास बंदी झालेल्या जर्मनीत हे ज्ञान मोटारींकडे वळले. १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजने पंप बसवलेल्या गाड्या मांडल्या. शर्यतीच्या मैदानाबाहेरच्या गिऱ्हाइकासाठी केलेल्या पंपवाल्या गाड्यांची सुरुवात इथून धरतात.

मर्सिडीजची रचना शिकवण्यासारखी आहे. पंप कायम फिरत नसे. चालकाने पेडल अगदी तळापर्यंत दाबले की क्लच लागून पंप सुरू होई, आणि त्याचबरोबर अशी किंकाळी उठे की पुढच्या गाडीवाल्याने आपणहून बाजूला व्हावे. हा प्रकार थोड्या वेळापुरताच करावा अशी अपेक्षा असे. गाडीच्या नावातही हे दोन कप्पे दिसत. १९२४च्या एका गाडीचे नाव होते २४/१००/१४०. पहिला आकडा सरकारी कराच्या हिशेबाची अश्वशक्ती, दुसरा पंपाविना, तिसरा पंपासह.

यात रोजच्या गाडीचे एक सत्य आले आहे. सपाट रस्त्यावर मध्यम वेगाने जायला छोट्या गाडीला दहा-पंधरा अश्वशक्ती पुरे होतात. पूर्ण शक्ती दिवसातून काही सेकंद लागते, ओलांडून पुढे जाताना किंवा चढावर. उरलेला सगळा वेळ पंप म्हणजे ओझे. त्या रिकाम्या वेळात पंपाचे करायचे काय, हा प्रश्न पुढे प्रत्येक पिढीने आपापल्या परीने सोडवला.

शर्यतीच्या जगाला हा प्रश्न नव्हता. १९२३ साली मोंझा येथे फियाटची पंपवाली गाडी जिंकली, आणि पंपवाल्या गाडीने ग्रां प्री जिंकण्याची ती पहिली वेळ. काही वर्षांतच युरोपातील मोठ्या शर्यतींत पंपाविना उभे राहणे कठीण झाले. इंग्लंडमध्ये मात्र एक वाद पेटला. बेंटलीच्या साडेचार लिटरच्या गाडीला पंप बसवावा असा शर्यतपटू टिम बर्किन यांचा हट्ट होता. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली विरोधात होते. शक्ती हवी तर इंजिन मोठे करा, असे त्यांचे मत. बर्किन यांनी डोरोथी पॅजेट या धनाढ्य बाईंचे पाठबळ मिळवले आणि ॲमहर्स्ट व्हिलियर्स यांच्याकडून रूट्स जातीचा पंप करवून तो गाडीच्या नाकासमोर, रेडिएटरच्याही पुढे बसवला. म्हणजे तयार इंजिनाला बाहेरून जोडलेला पंपच. शक्ती ११० वरून १७५ अश्वशक्तींवर गेली. नियमासाठी पन्नास गाड्या कंपनीला कराव्या लागल्या. १९३०च्या ल माँ शर्यतीत बर्किनची गाडी मर्सिडीजशी झुंजली, वेगात कमी पडली नाही, पण चोवीस तास टिकली नाही. जिंकली ती बेंटलीचीच साडेसहा लिटरची, पंप नसलेली गाडी. त्याच वर्षी पो येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्ये बर्किन दुसरे आले. पंपवाल्या बेंटलीचे ते सर्वांत मोठे यश. लोकांच्या स्मरणात मात्र हरलेली गाडीच राहिली. पंपाचा आवाज विचारावर मात करतो तो असा!

संस्थानिकांनाही हे वेड होते. अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीची एसजे ही गाडी १९३२ साली निघाली. केंद्रोत्सारी पंपाने तिची शक्ती २६५ वरून ३२० झाली असा कंपनीचा दावा होता. इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे यांच्याकडे अशी एक एसजे होती. तिचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी घडवला होता.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे, पाच-सहा पौंडांकडे येऊ. हा भाग फळ्यावर सोडवून दाखवण्याजोगा आहे. सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने दाबून जोरजोरात हवा भरली की पंपाचा खालचा भाग तापतो, हे मुलांना ठाऊक असते. त्यात घर्षणाचा वाटा असतोच, पण मुख्य कारण दाबली गेलेली हवा. उष्णता बाहेर जायला वेळ न देता हवा दाबली तर तिचे निरपेक्ष तापमान दाबाच्या गुणोत्तराच्या ०.२८६ व्या घाताने वाढते. सहा पौंड जादा दाब म्हणजे वातावरणाच्या सुमारे १.४ पट. बाहेरची हवा २७ अंश सेल्सियस, म्हणजे ३०० केल्व्हिन धरू. आदर्श पंपातून ती ३३० केल्व्हिनने बाहेर येईल. पण आदर्श पंप कुठेच नसतो. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली, आणि ही रूट्स जातीला तशी उदार म्हणायची, तर वाढ ३० ऐवजी ५० अंशांची होईल. हवा ७७ अंश सेल्सियसला इंजिनाच्या दारात उभी राहील.

गरम हवा विरळ असते. दाब १.४ पट झाला, पण निरपेक्ष तापमान ३०० वरून ३५० झाले. घनता किती वाढली? १.४ गुणिले ३०० भागिले ३५०, म्हणजे १.२ पट. दाबमापकावर चाळीस टक्के वाढ दिसते आणि हवा फक्त वीस टक्के वाढते. बाकीच्या वीस टक्क्यांचा ताप झाला, अक्षरशः. शिवाय हे काम फुकट होत नाही. आपल्या १.६ लिटरच्या इंजिनात आता सेकंदाला सुमारे ११५ ग्रॅम हवा जाईल. तिला ५० अंशांनी तापवण्याइतकी शक्ती म्हणजे जवळपास ५.८ किलोवॉट, सुमारे आठ अश्वशक्ती. ती इंजिनाच्याच खिशातून जाते. दुसऱ्या बाजूला, जादा दाबामुळे सिलिंडरात मागे राहिलेला जळका वायू कमी होतो आणि वेगात अपुरे भरणारे सिलिंडर नीट भरतात; म्हणून प्रत्यक्ष शक्तिवाढ या हिशेबाहून वर जाऊ शकते. पण दाबाची टक्केवारी म्हणजे शक्तीची टक्केवारी नव्हे. जाहिरातींत हे दोन आकडे जवळजवळ छापलेले असतात, तेव्हा वाचणाऱ्याने सावध असावे.

खरे संकट पुढे आहे. एमएक्स-५च्या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर ९.४ आहे, आत आलेले मिश्रण दट्ट्या ९.४ पट लहान जागेत दाबतो. या दाबण्याने निरपेक्ष तापमान ढोबळमानाने २.१ पट होते. ३०० केल्व्हिनची हवा ६३० पर्यंत जाते, तर ३५० ची ७३५ पर्यंत. दारातले पन्नास अंश आत शंभराहून अधिक होतात. त्यानंतर ठिणगी पडते, ज्योत पसरू लागते आणि कोपऱ्यातले न जळलेले मिश्रण आणखी दाबले जाते. ते पुरेसे तापले असेल तर ज्योत पोचण्यापूर्वीच आपोआप, एकदम पेट घेते. धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. थोडे झाले तर त्रास, सतत झाले तर दट्ट्याच्या कडा वितळतात, कड्या तुटतात. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर चालकाला तो आवाज ऐकू येईलच असेही नाही.

पाच-सहा पौंडांच्या कोड्याचे उत्तर बहुतांशी इथे आहे. कारखान्याने इंजिन बांधताना संपीडन गुणोत्तर त्या काळच्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलच्या सहनशक्तीच्या जवळ नेऊन ठेवलेले असते. थोडी सवड राखलेली असते: उन्हाळ्यासाठी, घाटासाठी, निकृष्ट पेट्रोलसाठी. जोडसंच बसवणारा ती सवड खर्च करतो. पुढे पेट्रोल सुधारले, पण त्याबरोबर कारखान्यांनीही संपीडन गुणोत्तर वाढवले. सवड तेवढीच राहिली.

हे संकट टाळायचे मार्ग शर्यतवाल्यांनी आणि विमानवाल्यांनी आधीच शोधले होते. पहिला मार्ग इंधनाचा. मिथेनॉलचे बाष्प होताना ते किलोमागे सुमारे ११०० किलोज्यूल उष्णता शोषते, पेट्रोल साधारण ३५० च. शिवाय मिथेनॉल हवेच्या मानाने दुपटीहून अधिक लागते. हिशेब केला तर येणारी हवा दीडशे अंशांहून अधिक थंड करण्याची ताकद त्यात असते. १९३७च्या मर्सिडीज डब्ल्यू-१२५ या शर्यतीच्या गाडीची ५.७ लिटरमधून ५९० च्या आसपास अश्वशक्ती अशाच मिथेनॉलयुक्त इंधनावर निघाली. पण थंडावा विकत घ्यावा लागतो. १९५१च्या सिल्व्हरस्टोन येथील ब्रिटिश ग्रां प्रीमध्ये पंपवाल्या दीड लिटरच्या अल्फा रोमिओ गाड्यांना इंधनासाठी वरचेवर थांबावे लागे. त्यांच्यावर मात केली ती फेरारीच्या साडेचार लिटरच्या पंपविरहित गाडीने, गोन्सालेस चालवत असताना. डब्ल्यू. ओ. बेंटलींनी हे वाचले असेल तर ते मनात हसले असतील.

पेट्रोलमध्ये टेट्राएथिल शिसे घालणे हा त्याच मार्गाचा दुसरा फाटा. थॉमस मिजली यांनी १९२१ साली त्याचा नॉकिंगविरोधी गुण शोधला, १९२३ पासून ते विकले जाऊ लागले आणि १९२४ मध्येच न्यू जर्सीतील कारखान्यात कामगार विषबाधेने दगावले. तरीही शिसे राहिले. भारतात ते २००० साली बंद झाले, जगातल्या पेट्रोलपंपांवरून पूर्णपणे गेले २०२१ मध्ये, अल्जीरियाने थांबवल्यावर. १९५०च्या दशकातले जोडसंच ज्या चांगल्या पेट्रोलवर भिस्त ठेवून होते, त्याचा चांगुलपणा बराचसा या विषातून आलेला होता, हे वर्गात जरूर सांगावे.

दुसरा मार्ग हवा थंड करण्याचा. रोल्स-रॉइसच्या मर्लिन या विमान-इंजिनाचे आकारमान संपूर्ण युद्धकाळात २७ लिटरच राहिले. १९३८ मध्ये कंपनीत आलेले गणिती स्टॅन्ली हूकर यांनी त्याच्या केंद्रोत्सारी पंपाचा नव्याने हिशेब मांडला, आणि पुढे एकामागे एक दोन पंप बसवले गेले. दोन टप्प्यांनी हवा इतकी तापे की मध्ये पाण्याने थंड होणारा इंटरकूलर घालणे भागच होते. १९४२च्या स्पिटफायर ९ मध्ये ते इंजिन आले आणि सुमारे १०३० अश्वशक्तीपासून निघालेले मर्लिन दीड हजाराच्या पुढे गेले. आपल्या छोट्या गाडीच्या उदाहरणात इंटरकूलर लावून हवा ३१५ केल्व्हिनपर्यंत आणली, तर तेवढ्याच दाबात वीस टक्क्यांऐवजी तेहतीस टक्के हवा जादा मिळेल.

आता जोडसंचांकडे. या धंद्याचे आद्य पुरुष रॉबर्ट मॅक्कलक. त्यांच्या मिलवॉकी येथील कंपनीने १९३७च्या सुमारास फोर्डच्या व्ही-८ इंजिनासाठी केंद्रोत्सारी पंपाचा संच काढला. फोर्ड ही सामान्यांची गाडी, म्हणजे पंप महाराजांच्या गॅरेजमधून गल्लीत आला. युद्धकाळात त्यांनी ती कंपनी विकली, नंतर साखळी-करवतींच्या धंद्यात अमाप पैसा केला आणि १९५३ मध्ये व्हीएस-५७ नावाचा नवा पंप आणला. लंडन ब्रिज विकत घेऊन, त्याचे दगड सुटे करून ॲरिझोनाच्या वाळवंटात पुन्हा उभारणारे गृहस्थ ते हेच. १९६८ साली खरेदी, १९७१ साली उद्घाटन.

केंद्रोत्सारी पंपाचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. फेरे निम्मे झाले की दाब चौथ्या हिश्श्यावर. शहरात संथ चालताना तो जवळजवळ काहीच करत नाही, हा दोषही आणि गुणही. मॅक्कलक यांनी त्यावर युक्ती केली: पुलीचा व्यास चालतेवेळी बदले. साध्या चालीत पंप सावकाश फिरे, पेडल दाबले की पट्टा पुलीवर सरकून तो वेग घेई. १९५७च्या स्टुडबेकर गोल्डन हॉकला हा पंप कारखान्यातूनच बसवून मिळे. शक्ती २७५ अश्वशक्ती. मर्सिडीजने क्लच वापरून जे साधले तेच इथे पुलीने साधले, किंकाळी न फोडता.

पेनसिल्व्हेनियातील कॉन्शोहॉकन गावच्या जडसन कंपनीचा मार्ग याहून घरगुती होता. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून तिने फोक्सवॅगन बीटल, एमजी अशा छोट्या गाड्यांसाठी सरकत्या पात्यांच्या पंपाचे संच विकले. इंजिन उघडायचे नाही, साध्या पान्यांनी घरीच बसवायचे. ३६ अश्वशक्तीच्या बीटलचा मालक म्हणजे शर्यतपटू नव्हे, चढावर मागच्या ट्रकचा भोंगा ऐकून कंटाळलेला माणूस. त्याला हा पंप आवडला यात नवल नाही. कार्ब्युरेटर पंपाच्या आधी असल्याने पेट्रोल पंपातूनच जाई आणि बाष्प होताना हवेला वीसेक अंश थंड करी. साध्या रचनेचा हा आयता फायदा. पण पाती घासत फिरत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या बाटलीतून तेल थेंबथेंब सोडावे लागे. बाटली भरायला विसरले की पाती संपली. रोजच्या गाडीत असा विसर पडणारच, आणि आमच्या मते या पंपाचे खरे दुखणे दाबात नसून त्या बाटलीत होते.

त्याच काळात कॅलिफोर्नियातील तरुण मंडळींनी भलतेच टोक गाठले. जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांना जळका वायू बाहेर ढकलण्यासाठी रूट्स पंप लागे. युद्धानंतर अशी इंजिने भंगाराच्या भावात सुटली आणि त्यांवरचे पंप पेट्रोल-गाड्यांच्या डोक्यावर चढले. सहा सिलिंडरांच्या ‘६-७१’ इंजिनाचा पंप तर या मंडळींचे चिन्हच बनला. रोजच्या गाडीशी त्याचा संबंध नाही, म्हणून आपण पुढे जाऊ.

१९७०च्या दशकात हा धंदा मंदावला. पेट्रोल महागले, शिसे जाऊ लागले, १९७५ पासून अमेरिकन गाड्यांना धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक लागले. पंप परतला तो १९८९ साली, फोर्ड थंडरबर्डच्या सुपर कूपमध्ये, ईटन कंपनीच्या रूट्स जातीच्या नव्या पंपासह. ३.८ लिटरच्या इंजिनाची शक्ती १४० वरून २१० झाली. फोर्डने इथे काय काय केले ते पाहण्यासारखे आहे: संपीडन गुणोत्तर ९.० वरून ८.२ वर उतरवले, इंटरकूलर घातला आणि पंपाला एक उपमार्ग दिला. पेडल थोडेच दाबलेले असताना उपमार्गाची झडप उघडी राहते, हवा पंपाभोवती नुसती फिरते आणि पंपाचे ओझे फार कमी होते. क्लच, बदलती पुली आणि उपमार्ग ही एकाच प्रश्नाची तीन उत्तरे. तिसरे सर्वांत साधे, म्हणून तेच टिकले.

एमएक्स-५साठी १९९०च्या दशकात अमेरिकेतील छोट्या कंपन्यांनी काढलेल्या संचांत ईटनचे छोटे पंप वापरले गेले. संच बसवणाऱ्याला फोर्डसारखे संपीडन गुणोत्तर उतरवता येत नाही; त्यासाठी इंजिन उघडून दट्टे बदलावे लागतील. म्हणून तो उरलेल्या दोन गोष्टींना हात घालतो, पेट्रोल आणि ठिणगी. या गाडीत आत जाणारी हवा एका झुलत्या झडपेने मोजली जाते. कारखान्याने जेवढ्या हवेची कल्पना केली तेवढी झाली की झडप पूर्ण उघडते, आणि त्यापुढच्या हवेचा गाडीच्या संगणकाला पत्ताच लागत नाही. जादा हवेला पेट्रोल कमी पडले तर मिश्रण अधिक तापते, म्हणजे नेमके नको तेच. सुरुवातीच्या संचांनी यावर यांत्रिक तोड काढली: पंपाचा दाब वाढेल तसा पेट्रोलच्या नळीतला दाब वाढवणारा एक नियंत्रक. संगणकाला काही न कळवता इंजेक्टरमधून जास्त पेट्रोल निघते. ठिणगीही थोडी उशिरा पाडावी लागते, म्हणजे कोपऱ्यातल्या मिश्रणावरचा ताण कमी होतो. त्यात थोडी शक्ती जाते, पण दट्टे राहतात. पुढे संपूर्ण नियंत्रण हाती घेणारे स्वतंत्र संगणक आले आणि तरबेज माणसाच्या हाती हे काम बरेच सुरक्षित झाले. अडाणी हाती तेच यंत्र अधिक धोक्याचे, कारण पडद्यावर आकडा बदलणे पान्याने पुली बदलण्यापेक्षाही सोपे असते.

पट्ट्याचा प्रश्न किरकोळ वाटतो पण रोजच्या गाडीत तोच आधी समोर येतो. पंप फिरवणारा पट्टा ताणून बसवला तर बेअरिंगवर ताण, सैल ठेवला तर घसरतो. क्लच कारखान्याने ११६ अश्वशक्तींसाठी दिलेला असतो. जुना रेडिएटर आधीच काठावर चाललेला असतो आणि जादा शक्तीबरोबर जादा उष्णताही पाण्यात जाते. यातले काहीच संचाच्या खोक्यात येत नाही.

कायद्याची बाजूही आहे. कॅलिफोर्नियात धूर वाढत नाही हे चाचणीने सिद्ध झाल्याखेरीज असा संच रस्त्यावरच्या गाडीला चालत नाही. मान्यता मिळालेल्या संचाला एक आदेश-क्रमांक असतो आणि तपासणीच्या वेळी तो दाखवावा लागतो. आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपुस्तकातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असे फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ कडकपणे लावला.

संचातल्या दाबाचा आकडा शेवटी पुलीच्या व्यासावर ठरतो. पंपावरची पुली लहान केली की तो जास्त फेरे घेतो आणि दाब वाढतो; अर्ध्या तासाचे काम. म्हणूनच सहा पौंडांवर समाधानाने वर्षानुवर्षे चाललेल्या गाडीला एके दिवशी लहान पुली बसते. दाब आठ-नऊ पौंडांवर जातो, कार्यक्षमता उतरते, हवा आणखी तापते. तिथून पुढे इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, नवा संगणक आणि शेवटी कमी गुणोत्तराचे दट्टे, म्हणजे फोर्डने १९८९ मध्ये आधीच जे करून ठेवले होते ते सगळे, एकेक करून, मालकाच्या खर्चाने.

कारखान्यांनी दरम्यान वेगळी वाट धरली. धुरावर फिरणारा टर्बो स्वस्त आणि काटकसरी ठरला आणि पट्ट्यावरचे पंप थोड्याच गाड्यांत उरले. २०१६ साली औडीने एसक्यू-७ या डिझेल गाडीत टर्बोच्या जोडीला विजेच्या मोटरवर फिरणारा पंप दिला. तो मिनिटाला ७०,००० फेऱ्यांपर्यंत जातो, टर्बो वेग घेईपर्यंत क्षणभर चालतो आणि मग थांबतो. त्याची मोटर सात किलोवॉटची आहे. वर आपण छोट्या स्पोर्ट्स कारच्या पंपासाठी काढलेला आकडा ५.८ होता.